नदीकडच्या खांबाची दोरी

मी एक जुनी दोरी आहे. विहिरीची नव्हे, नावेचीही नव्हे. गवंड्याची, मापाची दोरी. अंगाला गेरूचा रंग, हातहाताच्या अंतरावर एकेक गाठ, आणि एका टोकाला शिशाचा ओळंबा. दुसरं टोक मात्र कापलेलं आहे. तिथून एका माणसाएवढा तुकडा काढून घेतला गेला. मित्रांनो, दोरी कापली की तिला दुखतं का, असं तुम्ही विचाराल. दुखत नाही. पण आपला तुकडा कुठे आहे, हे तिला कळत राहतं. माझा तुकडा किती तरी दिवस फुटबॉलच्या एका खांबाखाली पुरलेला होता.

माझा जन्म समुद्राच्या पलीकडच्या किनाऱ्यावरचा. तिथे दोऱ्या वळणारी माणसं कमरेला ताग गुंडाळून उलटी चालत जात. मागे काय राहिलं ते त्यांना दिसे; पुढे काय येणार ते दिसत नसे. मी अशीच उलट्या पावलांनी लांब होत गेले. प्रोद्रोमोस नावाच्या गवंड्यानं मला बाजारातून उचललं, गेरूत बुडवलं आणि गाठी मारल्या. प्रोद्रोमोस मिस्त्री बुटका होता. बरोबरचे लोक त्याला चिडवत, "मिस्त्री, तुमच्या मापानं दार काढू नका हं, पाहुण्यांची डोकी फुटतील!" तो हसे आणि मला ताणून धरे. माझ्या रेषेवर त्यानं घरं बांधली, एक शाळा बांधली, चर्चच्या आवाराची भिंत बांधली. त्या भिंतीची तारीफ करताना लोक म्हणत, की तिच्यावर पाणी ठेवलं तर सांडायचं नाही.

मग एकोणीसशे बावीस सालचा सप्टेंबर आला. तुर्की फौज शिरली होती, शहर जळत होतं आणि सगळं गाव धक्क्यावर उभं होतं. प्रोद्रोमोसनं मला आपल्या कमरेला बांधलं आणि माझं दुसरं टोक आपल्या मुलीच्या, फिलियोच्या, कमरेला. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. तिची आई गर्दीत मागे राहिली. त्याबद्दल मी एवढंच सांगते. होडीत चढताना दोघं दोन बाजूंना ओढली गेली, मी ताणली गेले, पण तुटले नाही.

व्होलोस बंदराच्या बाहेर, कोरड्या नदीच्या पलीकडे, आम्हा निर्वासितांना जागा मिळाली. प्रत्येक कुटुंबाची खोली माझ्या मापानं आखली. मी त्या वस्तीतल्या प्रत्येक भिंतीला ओळखते. आणि प्रत्येक भिंतीच्या आत कोण नाही, तेही ओळखते.

क्लबची स्थापना झाली ती चौथ्या हिवाळ्यात, लाझारोस न्हाव्याच्या दुकानात. जानेवारीच्या मध्यावर तिकडे थंडी एकाएकी थांबते. समुद्र आरशासारखा होतो. खंड्या पक्ष्याला अंडी उबवता यावीत म्हणून देव वारा बांधून ठेवतो, असं म्हणतात. त्या दिवशी प्रोद्रोमोस दाढीला बसला होता आणि मी त्याच्या खांद्यावर होते.

लाझारोसच्या तोंडात तीळ भिजत नसे. "फुटबॉल आहे, पोरं आहेत," तो वस्तरा नाचवत म्हणाला, "नाव तेवढं हवं."

"आपल्या गावाचं ठेवा," बाकावरून कुणी तरी म्हणालं.

"कुठल्या गावाचं? इथे बसलेत बारा जण, बारा गावांचे. एकाचं ठेवलं तर उद्यापासून अकरा जण दाढी वाढवतील आणि माझं दुकान बसेल."

दारात आनेस्तिस उभा होता. तो बंदरावर पोती उतरवत असे. सुरूच्या झाडासारखा उंच. आत येताना त्याला मान वाकवावी लागे. फिलियोचं लग्न त्याच्याशी ठरलं होतं. तो म्हणाला, "अल्किओनी ठेवू. खंड्या."

"खंड्या? लोक सिंह ठेवतात, गरुड ठेवतात!"

"भर हिवाळ्यात घर करतो तो, लाझारोसदादा. आपल्यासारखाच."

सगळे हसले. प्रोद्रोमोस फेसाळल्या तोंडानं म्हणाला, "वारा फक्त बांधून ठेवलेला असतो रे. सुटणार नाही, असं त्या खंड्याला कुणी सांगितलेलं नसतं."

"मिस्त्री, बोलू नका, गाल कापला जाईल," लाझारोस म्हणाला. नाव ठरलं.

मदतीच्या पिठाची रिकामी पोती निळीत रंगवून सदरे शिवले. पोत्यांवरची परदेशी अक्षरं रंगातूनही डोकावत, म्हणून फिलियोनं त्यांच्यावर एकेक खंड्या भरला. सदरा घामानं भिजला, की खंड्याच्या पंखाखालून ती अक्षरं पुन्हा दिसू लागत. शहरातले संघ आम्हाला 'दह्यात बाप्तिस्मा झालेले' म्हणत. त्यांच्या मते दही खाणारे आम्ही अर्धे तुर्कच. तरी पोरं खेळायला लागली आणि वस्तीत हसू ऐकू यायला लागलं. चार वर्षांत ते मी प्रथमच ऐकलं.

मैदानाला जागा मिळाली नदीच्या काठची. ती दुसऱ्या कुणाला नको होती. प्रोद्रोमोसनं मला तिथे अंथरलं, टाच मारून माती पाहिली आणि म्हणाला, "ही नदीची जागा आहे. नदीनं अजून मागितली नाही, एवढंच."

"मागेल तेव्हा बघू," आनेस्तिस म्हणाला.

डोंगरातून चेस्टनटचे सोट आणून खांब केले. पाद्रीबाबांनी तुळशीच्या डहाळीनं पवित्र पाणी शिंपडलं. आठ-दहा दिवसांत नदीकडच्या गोलाचा एक खांब लग्नात झिंगलेल्या व्याह्यासारखा कलला, आणि एका सकाळी आडवा झाला. तो पुन्हा उभा केला. या वेळी आनेस्तिसच्या आईनं, सुल्तानाकाकूनं, स्वतःचा कोंबडा दिला आणि त्याचं रक्त खड्ड्यात सोडलं. खांब मार्चपर्यंत टिकला. मग भर सामन्यात, चेंडू लागला नसताना, कुणी हात लावला नसताना, तो हळूच वाकला आणि पाहुण्या संघाच्या खेळाडूच्या खांद्यावर पडला. त्याचं हाड मोडलं. पाहुणे ओरडले, "काय रे, दही घट्ट लागलं नाही वाटतं!"

आमच्यातलं कुणी हसलं नाही. नदी कोरडी होती, तरी खड्ड्याच्या तळाशी पाणी होतं. काळं, न हलणारं पाणी.

साखळी सामने भरवणाऱ्या मंडळाचा माणूस येऊन सांगून गेला: संत जॉर्जच्या सणापर्यंत गोल धड उभा राहिला नाही, तर अल्किओनीचं नाव यादीत येणार नाही. मित्रांनो, तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. पण ज्यांचं सगळं गेलं होतं त्यांनी स्वतःहून उभी केलेली ती पहिलीच गोष्ट होती. ती पडली असती, तर पुन्हा काही उभं करायला कुणी धजलं नसतं.

लाझारोसच्या दुकानात सगळे जमले होते. तेव्हा सुल्तानाकाकू बोलली. काळे कपडे, काळा रुमाल. तिचे दोन थोरले मुलगे तिकडे तुर्कांच्या सक्तीच्या मजूर-पलटणीत नेले गेले होते, ते परतले नव्हते. आनेस्तिस तेवढा उरला होता.

"कोंबड्यानं भागत नाही," ती म्हणाली. "ती जागा सावली मागतेय."

लाझारोसनं वस्तरा खाली ठेवला. "काकू, हे विसावं शतक आहे."

"मग त्या शतकाला सांग, खांब धरून उभं राहा म्हणावं."

ही रीत तिथे सगळ्यांना ठाऊक होती. पूल टिकत नसेल, भिंत ढासळत असेल, तर मिस्त्री कुणा माणसाची सावली दोरीनं मोजतो आणि तेवढा तुकडा कापून पायाच्या खड्ड्यात पुरतो. बांधकाम टिकतं. ज्याची सावली असते, तो वर्षभरात जातो. कुणाची घेतली ते मिस्त्रीनं सांगायचं नसतं; सांगितलं तर पाया सुटतो.

सगळ्यांनी प्रोद्रोमोसकडे पाहिलं. तो बराच वेळ माझ्या गाठी बोटांनी चाचपत होता.

"कुणाची घेतली ते विचारायचं नाही," शेवटी तो म्हणाला. "आज नाही, उद्या नाही, कधीच नाही."

"नाही विचारणार," सुल्तानाकाकू म्हणाली आणि तिनं छातीवर क्रूस काढला. नंतर सगळ्यांनी काढला.

ईस्टर नुकताच होऊन गेला होता. प्रोद्रोमोस सकाळीच खड्ड्यात उतरला. त्यानं आधीपेक्षा खोल खणलं. मांड्यांपर्यंत गार पाण्यात उभं राहून बादलीनं ते उपसलं, तळाला नदीचे गोटे रचले. त्याचे ओठ निळे पडले होते. मग तो वर आला आणि उन्हात उभा राहून सावलीकडे बघत राहिला. सावली माणसाहून लांब असेल तर खोटी, आखूड असेल तरी खोटी. ती बरोबर माणसाएवढी होते अशी घटका सकाळी एकदा येते. तो त्या घटकेची वाट पाहत होता.

मैदानात दुसरं कुणीही नव्हतं.

"कुणाची घेऊ?" तो हळूच म्हणाला. माझ्याशीच बोलत असावा. "प्रत्येक घरातलं एकेक माणूस आधीच देऊन झालंय."

नुसतीच दोरी पुरून टाकता आली असती. कुणाला कळलं नसतं. पण ज्यानं आयुष्यभर भिंतीला खोटं माप दिलं नाही, त्याला ते जमलं नाही. त्यानं माझं मोकळं टोक आपल्या टाचेखाली दाबलं, ताठ उभा राहिला आणि ओळंबा आपल्या सावलीच्या डोक्यावर टाकला. पहिल्यांदा तो चुकला. दुसऱ्यांदाही. वाकलं की सावली आखडते, म्हणून सरळ उभं राहूनच फेकायचं होतं. तिसऱ्यांदा शिसं बरोबर जागी पडलं. तिथे त्यानं खडा ठेवला, मला ताणलं आणि खाली वाकून सुरी चालवली.

त्याच वेळी आनेस्तिस चुन्याचं घमेलं घेऊन मागून आला. त्याची लांब सावली माझ्यावरून, सुरीवरून, खड्ड्यापर्यंत पसरली. "मिस्त्री, चुना कुठे टाकू?" त्यानं विचारलं. काठावर सुल्तानाकाकू उभी होती. तिच्या हातात दोघांसाठी भाकरी आणि ऑलिव्ह होते. तिनं काय पाहिलं? वाकलेला मिस्त्री, ताणलेली दोरी, सुरी, आणि तिच्या पोराची सावली.

भाकरी तिच्या हातून पडली. पण ती ओरडली नाही. विचारणार नाही, असा क्रूस तिनंच काढला होता.

तुकडा छोट्या मडक्यात घालून, तोंड चुन्यानं बंद करून, गोट्यांच्या खाली ठेवला गेला. वर खांब उभा राहिला. संत जॉर्जच्या दिवशी मंडळाच्या माणसानं त्याला दोन्ही हातांनी हलवून पाहिलं, लाथ मारून पाहिली, आणि नाव लिहून घेतलं. खांब चुन्यानं धरला की सावलीनं, ते मला विचारू नका. मी दोरी आहे. मला फक्त माप कळतं.

त्या दिवशी ढोल वाजले, कोकरू भाजलं गेलं. सुल्तानाकाकू मात्र फिलियोला बाजूला घेऊन गेली.

घरी आल्यावर फिलियोनं दार लावलं. मी नेहमीच्या खिळ्यावर होते.

"बाबा, कुणाची सावली घेतलीत?"

"मिस्त्रीला ते विचारत नाहीत."

"मी मिस्त्रीला विचारत नाहीये. माझ्या बाबांना विचारतेय."

प्रोद्रोमोस वाकून जोडे काढू लागला.

"आनेस्तिसची आई म्हणते, तिनं डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही नुसतं 'नाही' म्हणा. मी विश्वास ठेवीन."

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असतं तर! त्याला 'नाही' म्हणता आलं असतं. पण मग तिनं पुढचं विचारलं असतं, आणि ती खोटं ओळखत असे. वर्षभर ती त्याच्या प्रत्येक खोकल्याकडे बघत बसली असती. त्यानं मान खाली घातली. तिनं त्या मानेचा अर्थ लावला.

"एका लाकडासाठी," ती सावकाश म्हणाली, "तुम्ही माझं माणूस पुरलंत."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. ताट वाढी, पाणी ठेवी, दिवा लावी. पण एक शब्द नाही. सुल्तानाकाकूनं लग्न लांबवलं. "वर्ष सरू दे," ती म्हणाली. "पोरीला दोन महिन्यांत काळे कपडे घालायला लावू काय?"

अल्किओनी जिंकायला लागली. नदीकडच्या खांबाला चेंडू लागे आणि बाहेर जाई. लोक खांबाला हात लावून नमस्कार करायला लागले. चेंडू आदळला की जमिनीखाली माझा तुकडा थरथरे, आणि इकडे खिळ्यावर मी. आवाज आमच्या घरापर्यंत येई. ठण्. प्रोद्रोमोस जेवत असला तर त्याचा घास थांबे.

आनेस्तिस गोलरक्षक होता. चाळीस दिवस सुल्तानाकाकू त्याला खेळू देईना. तो ऐकेना. मग ती स्वतः मैदानाच्या कडेला येऊन बसू लागली, तोंडानं सतत थू थू करत, दृष्ट काढत. त्याच्या सदऱ्याच्या आत तिनं निळा मणी शिवला. पहिला अर्धा वेळ तो गावाकडच्या गोलात असला, की ती शांत असे. अर्ध्या वेळाची शिटी वाजली, की ती उठून उभी राही.

"लाझारोस, आमचा पोरगा त्या बाजूला जाणार नाही."

"काकू, पंचाला काय सांगू? आमच्या गोलकीपरची आई बाजू बदलू देत नाही?"

"सांग!"

"तो मला शिटी गिळायला लावेल."

आनेस्तिस हसत हसत त्या बाजूला जाई. पण हळूहळू त्याचं हसू ओठांवरच राहिलं आणि डोळ्यांत दिसेनासं झालं. त्या खांबाला तो पाठ लावत नसे. सप्टेंबरात त्याला ताप आला. सगळी वस्ती त्याच्या दारापुढून पाय न वाजवता जाऊ लागली. फिलियो त्याच्या उशाशी बसून राहिली. परत आल्यावर ती बापाकडे अशी बघे, की मीही खिळ्यावर अंग चोरून बसे.

त्याचा ताप उतरला. पण कुणाचा जीव भांड्यात पडला नाही. "वर्ष अजून आहे," लोक म्हणाले.

प्रोद्रोमोसला काम मिळेनासं झालं. जो आपल्या जावयाची सावली घेतो, त्याच्याकडून चूल तरी कोण बांधून घेणार? रस्त्यात तो दिसला की बायका पोरांना ओढून घेत, त्यांची सावली त्याच्या बाजूला पडू नये म्हणून. ज्यांनी छातीवर क्रूस काढून त्याला खड्ड्यात उतरवलं, त्यांनीच त्याला वाळीत टाकलं. फक्त लाझारोस त्याची दाढी करी. त्यांच्यातही आता बोलणं नसे, हे लाझारोसच्या बाबतीत फारच झालं. मी धुळीनं भरले. माझा गेरू फिका पडला. एक कोळी माझ्या ओळंब्याला जाळं बांधून राहिला.

हिवाळ्यात प्रोद्रोमोस खोकायला लागला. खड्ड्यातलं पाणी त्याच्या छातीत शिरलं होतं, म्हणा. तो खोकला उशीत दाबून टाकी. पुन्हा खंड्याचे दिवस आले, वारा थांबला, ऊन पडलं. तो दाराशी बसला आणि समोर पडलेल्या आपल्या सावलीकडे बघत राहिला. फिलियो झाडत होती. तिचा झाडू त्या सावलीवरून गेला. त्यानं पाय जवळ घेतले.

"फिलियो," तो म्हणाला.

तिनं मान वर केली.

"काही नाही. झाड."

मार्चमध्ये, उपवासाच्या दिवसांत, तो गेला. फिलियोनं त्याला वाइनच्या पाण्यानं पुसलं. लाझारोसनं शेवटची दाढी केली, मग मला खिळ्यावरून उतरवलं. शवपेटीचं माप घ्यायचं होतं. माझं कापलेलं टोक त्यानं टाचेशी धरलं, मला डोक्यापर्यंत नेलं आणि तिथे एक गाठ मारली. ती इतर गाठींसारखी नाही. न्हाव्याच्या हाताची, ओबडधोबड आहे. सुतारानं माप घेतलं आणि मी परत खिळ्यावर आले. फिलियो रडली नाही. राग अजून शिल्लक होता, आणि तो ठेवायला आता कुणी नव्हतं.

संत जॉर्जचा सण आला आणि गेला. आनेस्तिस जिवंत होता. वर्ष उलटलं, तरी जिवंत. "देवाची कृपा," लोक म्हणाले, "सावली चुकली." सुल्तानाकाकूला मात्र खात्री वाटेना. दुखवटा संपल्यावर लग्नाचं बोलू, असं ठरलं.

ऑक्टोबरात नदीनं जागा मागितली.

डोंगरात दोन दिवस पाऊस पडत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी कोरड्या नदीतून गढूळ पाणी भिंतीसारखं आलं. मैदान गेलं. कुंपण, बाकं, गावाकडचा गोल, सगळं समुद्रात गेलं. पाणी ओसरल्यावर वस्ती काठावर येऊन उभी राहिली. चिखलाच्या पसाऱ्यात एकच वस्तू उभी होती: नदीकडच्या गोलाचा तो एक खांब, ओळंब्यात सरळ.

"बघा," कुणी तरी दबक्या आवाजात म्हणालं.

मैदान आता वर, चढावर न्यायचं ठरलं. खांब सोबत न्यायला हवा होता. त्याच्या बुडाशी खणताना कुदळ मडक्याला लागली. मडकं फुटलं आणि माझा तुकडा उन्हात आला, कापला होता तसाच तांबडा. पुरुष मागे सरले. सुल्तानाकाकू पुढे आली.

"आनेस्तिस, इकडे ये."

"आई, राहू दे."

"इकडे ये म्हणते ना. ताठ उभा राहा."

तिनं तुकड्याचं एक टोक त्याच्या टाचेखाली दाबलं आणि दुसरं वर नेलं. तुकडा त्याच्या छातीपर्यंत पोचला आणि संपला. तिनं पुन्हा ओढून पाहिलं. तो छातीशीच संपला.

"ही माझ्या पोराची नाही," ती म्हणाली. तिचा आवाज आधी हलका झाला. मग एकदम बसला. "मग कुणाची रे ही?"

लाझारोसनं कुदळ खाली ठेवली. तो फिलियोकडे बघत होता. गाठ त्यानं स्वतःच्या हातानं मारली होती.

फिलियोनं तो तुकडा उचलला आणि घरी आली. लाझारोस, आनेस्तिस आणि सुल्तानाकाकू दाराशी थांबले. तिनं मला खिळ्यावरून काढलं, कोळ्याचं जाळं पुसलं, आणि मला जमिनीवर सरळ अंथरलं. माझ्या शेजारी तिनं माझा तुकडा ठेवला, कापलेल्या टोकाला टोक लावून. मग तिनं त्याच्यावरून तळहात फिरवत फिरवत नेला. तुकडा गाठीपाशी संपला. न एक बोट पुढे, न एक बोट मागे.

फिलियो बसून राहिली. थोड्या वेळानं तिनं मला उचललं आणि माझं एक टोक आपल्या कमरेला बांधलं, धक्क्यावर होतं तसं. दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं.

"मी म्हणाले होते," दाराशी सुल्तानाकाकू म्हणत होती, "मीच म्हणाले होते, सावली मागतेय." आनेस्तिसनं तिला धरलं होतं.

लाझारोस उंबऱ्याच्या आत आला. "फिलियो, नव्या मैदानात खांब उभा करायचाय. हा तुकडा पुन्हा त्याच्याखाली... म्हणजे, मिस्त्रींचा मान म्हणून."

"नाही, लाझारोसकाका," ती म्हणाली. "वर्षभर एकटे उभे राहिले ते. आता त्यांना बसू दे."

माझा तुकडा तिनं बापाच्या कबरीत, त्याच्या उशाशी ठेवला. सुल्तानाकाकू मृतांसाठी करतात त्या उकडलेल्या गव्हाचं ताट घेऊन सोबत गेली होती. कबरीजवळ पोचल्यावर तिनं आपली सावली कबरीवर मुद्दाम पडू दिली.

मित्रांनो, अल्किओनी अजून खेळते. नव्या गोलाचे खांब काँक्रीटमध्ये बसवले आहेत आणि कुणी कुणाची सावली मागत नाही. निदान, मोठ्यानं मागत नाही. सामना असला की फिलियो खिडकी उघडी ठेवते. चेंडू खांबाला लागतो. ठण्. तिच्या हातातलं काम थांबतं.

मी आता कपडे वाळत घालायची दोरी आहे. माझी तक्रार नाही. ओल्या सदऱ्यांच्या भारानं मी वाकते आणि त्यांच्यावरचे खंड्या पक्षी वाऱ्यावर उडतात. माझ्या गाठी कपड्यांना अडकतात, म्हणून फिलियो-आनेस्तिसची मुलं त्या सोडवायला बघतात. सोडवा. हातहाताच्या सगळ्या गाठी सोडवा. ती मापं आता कुणाला लागत नाहीत. फक्त कापलेल्या टोकाकडची ती एक ओबडधोबड गाठ तेवढी राहू द्या. आणि घरातलं कुणी हाक मारून "काही नाही" म्हणालं, तर झाडू खाली ठेवा आणि त्याच्याजवळ जाऊन बसा. उन्हं कलायच्या आत.